मावशीने एक्झिक्युटर केलंय, पंच नाही

वाचकाचा पेच, थोडक्यात:

पत्र लिहिणाऱ्या भगिनी सांगलीच्या, वय ४६, शाळेत शिक्षिका. त्यांची अविवाहित मावशी, निवृत्त परिचारिका, चार महिन्यांपूर्वी पुण्यात वारली. मावशीने २०२१ साली साध्या कागदावर मृत्युपत्र केलं होतं. नोंदणी केलेली नाही, पण शेजारच्या काकांची आणि नेहमीच्या डॉक्टरांची साक्षीदार म्हणून सही आहे. त्यात या भाचीला एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, नेमलं आहे. कोथरूडचा फ्लॅट विकून येणारे पैसे दिवंगत मामांचे दोन मुलगे आणि ही भाची अशा तिघांत सारखे वाटायचे. गावच्या शेतीतला मावशीचा हिस्सा दोघा भाच्यांना द्यायचा. आजीकडून आलेल्या सोन्याच्या पाटल्या आणि मुदतठेवीतले तीन लाख रुपये, मावशीकडे राहून बारा वर्षं तिचं सगळं करणाऱ्या ताईंना द्यायचे. मुदतठेवीवर नॉमिनी आहे थोरला मामेभाऊ. फ्लॅटची एक किल्ली आणि लॉकरची किल्लीही त्याच्याकडेच. तो म्हणतो, पाटल्या घराण्याबाहेर जाणार नाहीत, ठेव नॉमिनी म्हणून माझी, बाईला पन्नास हजार देऊन मोकळं करू आणि विल फाडून घरातल्या घरात मिटवू. धाकटा मामेभाऊ दुबईत, त्याचं ‘दादा म्हणेल ते’. मामी हयात आहेत, त्या गप्प आहेत. आई म्हणते, ‘तू यातून अंग काढून घे.’ यजमान म्हणतात, बाजारभावाने फ्लॅट आपणच घेऊन टाकू. ताई अजून त्याच फ्लॅटमध्ये राहतायत आणि त्यांचा शेवटच्या दोन महिन्यांचा पगारही राहिलाय. पत्र संपतं ते असं: ‘मला सगळ्यांना न्याय द्यायचाय. कुणीच दुखावणार नाही असा मार्ग सांगा.’

उत्तर:

शेवटच्या वाक्यापासूनच सुरुवात करते, कारण तुमची झोप उडवणारी गोष्ट तीच आहे. सगळ्यांना न्याय द्यायचं काम मावशीने तुमच्याकडे दिलेलंच नाही. कुणाला किती, हे तिने २०२१ मध्ये स्वतः ठरवलं, लिहिलं आणि दोन माणसांसमोर सही केली. तुमच्याकडे दिलंय ते त्यापुढचं काम: जमवा, देणी भागवा, सांगितल्याप्रमाणे वाटा, हिशेब द्या. पाटल्या ताईंना का, हा प्रश्न मावशीसाठी होता. तो आता तुम्हाला विचारला जातोय आणि तुम्ही भिडेपोटी त्याचं उत्तर शोधत बसलाय. ‘मला माहीत नाही, तिने लिहिलंय’ एवढं उत्तर पुरेसं आहे, आणि ते खरंही आहे.

आता तुमच्या हातात नेमकं काय आहे ते पाहू. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ च्या कलम २११ प्रमाणे एक्झिक्युटर ही मृत व्यक्तीची कायदेशीर प्रतिनिधी असते आणि मृत व्यक्तीची मालमत्ता त्या नात्याने तिच्याकडे येते. तुम्ही मालकीण झालात असा याचा अर्थ नाही. पण फ्लॅटचा ताबा घेणं, येणी वसूल करणं, वेळ पडली तर दावा लावणं, आणि मृत्युपत्रातच विकायला सांगितलंय म्हणून फ्लॅट विकणं, हे सगळं तुमच्या अधिकारात येतं. थोरल्या भावाकडे किल्ली आहे म्हणून ताबा त्याचा होत नाही. त्याला लेखी कळवून फ्लॅटचं कुलूप तुम्ही बदलू शकता. मी तुमच्या जागी असते तर आधी किल्ली मागितली असती, आठ दिवस वाट पाहिली असती आणि मग बदललं असतं. लॉकरचं म्हणाल तर नुसत्या किल्लीवर बँक त्याला लॉकर उघडू देणार नाही. खातेदार गेल्याचं बँकेला तुम्ही अजून कळवलं नसेल तर उद्याच कळवा, मृत्यूचा दाखला आणि मृत्युपत्राची प्रत जोडून, पोच घेऊन.

अधिकार मालमत्तेवर आहे, माणसांवर नाही. मृत्युपत्र बदलायचा, कुणाचा वाटा कमी-जास्त करायचा किंवा एखाद्याला वळणावर आणण्यासाठी त्याचा हिस्सा अडकवून ठेवायचा अधिकार तुम्हाला नाही. शेवटचा मोह फार होतो. ‘तू किल्ली दे, मग मी तुझ्या शेतीच्या फेरफाराचं बघते’ असं तोंडातून जाऊ देऊ नका.

थोरला भाऊ ज्या तीन गोष्टी गृहीत धरून बोलतोय, त्या आता तपासू. पहिली, नॉमिनी म्हणजे मालक. हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की शिकलेली माणसंही त्यावरून भांडतात. आयुर्विम्याच्या बाबतीत १९८३ मध्ये, बँकेतल्या ठेवींच्या बाबतीत २०१० मध्ये आणि शेअर व म्युच्युअल फंडांच्या बाबतीत डिसेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलंय की नॉमिनी पैसे स्वीकारतो, मालक होत नाही. ते ज्याचे असतील त्याला त्याने द्यायचे असतात. यातला २०२३ चा निकाल तर ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या कुटुंबातल्या वादावरचा आहे, म्हणजे ज्यांचं कॅलेंडर आपल्या भिंतीवर असतं त्यांच्या घरीही हा प्रश्न सुटायला सर्वोच्च न्यायालय लागलं. विम्यात २०१५ पासून आईवडील, पती-पत्नी किंवा मुलं नॉमिनी असतील तर नियम वेगळा आहे, पण तुमच्याकडे तो प्रश्नच येत नाही.

तरी व्यवहारात सावध राहा. बँक नॉमिनीला पैसे देऊन मोकळी होऊ शकते आणि तसं करणं तिच्या बाजूने चूक नसतं. म्हणून बँकेशी भांडत बसण्यात अर्थ नाही. भावाला एक साधं पत्र लिहा: ही रक्कम मावशीच्या मृत्युपत्राप्रमाणे वाटायची आहे, तू ती नॉमिनी म्हणून काढलीस तर एक्झिक्युटरच्या खात्यात भर. भाषा कोरडी ठेवा, ‘तुला लाज कशी वाटत नाही’ वगैरे नको. स्पीड पोस्टाने पाठवा, प्रत जपून ठेवा.

दुसरं गृहीतक: नोंदणी नाही म्हणजे विल कच्चं. मृत्युपत्राला नोंदणीची सक्ती नाही आणि स्टॅम्प पेपरही लागत नाही. लागते ती करणाऱ्याची सही आणि किमान दोन साक्षीदार. त्या दोघांनी तिला सही करताना पाहिलेलं असावं किंवा ‘ही माझी सही’ असं तिने त्यांना सांगितलेलं असावं, आणि त्यांनी तिच्यासमोर सही केलेली असावी. कोर्टात ते सिद्ध करताना हयात साक्षीदारांपैकी निदान एकाला आणावं लागतं. म्हणून फ्लॅटच्या गिऱ्हाइकाआधी तुम्हाला शेजारच्या काकांकडे आणि डॉक्टरांकडे जायचंय. काकांचं वय तुम्ही लिहिलेलं नाही, पण मावशीच्या पिढीतले असतील तर घाई करा. दोघांची प्रतिज्ञापत्रं आत्ताच करून घ्या: सही कुठे झाली, त्या दिवशी मावशीची तब्येत कशी होती, खोलीत आणखी कोण होतं. आणि मूळ कागदाचं एक बघा: तो लॅमिनेट करू नका, पंच करू नका, त्याला स्टेपलरची पिन मारू नका. प्रेमापोटी लॅमिनेट केलेली मृत्युपत्रं लोक वकिलाकडे घेऊन येतात आणि मग शाईच्या तपासणीची पंचाईत होते. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सपाट ठेवा, झेरॉक्स बाहेर वापरा. मावशीने २०२१ नंतर दुसरं मृत्युपत्र केलं नव्हतं ना, याचीही खातरजमा करा. कपाट, लॉकर, दुय्यम निबंधक कार्यालय, तिचा नेहमीचा वकील, सगळीकडे. शेवटचं असेल तेच चालतं.

तिसरं गृहीतक सगळ्यात मजेशीर आहे. भावाला वाटतं की विल फाडलं तर त्याचा फायदा. विल नसतं तर काय झालं असतं, हे त्याने कुणाला विचारलेलं दिसत नाही. मावशी अविवाहित, आईवडील आधीच गेलेले. हिंदू उत्तराधिकार अधिनियमाप्रमाणे तिची मालमत्ता तिच्या वडिलांच्या वारसांकडे गेली असती. म्हणजे निम्मी तुमच्या आईकडे, कारण ती त्यांची हयात मुलगी, आणि निम्मी दिवंगत मामांच्या शाखेकडे. त्या निम्म्यात मामी आणि दोन्ही भाऊ सारखे वाटेकरी. प्रत्येक भावाला सहावा हिस्सा. मृत्युपत्राप्रमाणे त्याला फ्लॅटचा तिसरा हिस्सा मिळतोय, म्हणजे दुप्पट, शिवाय शेतीतला मावशीचा हिस्सा दोघांना मिळून पूर्ण. पाटल्या आणि तीन लाख यांच्या रागात तो कोथरूडच्या फ्लॅटमधला स्वतःचा निम्मा वाटा सोडायला निघालाय. हे त्याला सांगा, पण डिवचून नको. एका कागदावर दोन रकाने करा, ‘विलप्रमाणे’ आणि ‘विल नसतं तर’, आणि दुबईच्या धाकट्यालाही पाठवा. ‘दादा म्हणेल ते’ म्हणणारी माणसं आकडे पाहिल्यावर दादाला दोन प्रश्न विचारतात, असा माझा अनुभव आहे.

विल ‘फाडून टाकू’ हे शब्द मात्र घरात पुन्हा कुणाच्या तोंडी आले तर तिथेच थांबवा. लबाडीने मृत्युपत्र नष्ट करणं किंवा दडवणं हा गुन्हा आहे आणि त्याची शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. भावाला हे माहीत असण्याची शक्यता कमी आहे, त्यामुळे धमकी म्हणून नाही, माहिती म्हणून सांगा.

आईचा सल्ला: अंग काढून घे. एक्झिक्युटर व्हायची सक्ती कुणावरच नाही. लिहून देऊन नकार देता येतो. पण तीन गोष्टी समजून घ्या. एक तर, नकार दिला की नंतर ‘बरं, करते’ म्हणून प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाची मान्यता, मागता येत नाही. दुसरं, तुम्ही बाजूला झालात म्हणून मृत्युपत्र मरत नाही. मृत्युपत्रातला दुसरा लाभार्थी कोर्टाकडून ‘मृत्युपत्र जोडलेलं प्रशासनपत्र’ घेऊन तेच काम करू शकतो. इथे ते काम थोरल्या भावाकडे जाण्याची शक्यता जास्त, आणि मग पाटल्यांचं काय होईल ते तुम्हीच ठरवा. तिसरं फारसं कुणी सांगत नाही. एक्झिक्युटर म्हणून नेमलेल्या व्यक्तीला त्याच मृत्युपत्रात काही दिलेलं असेल, तर तिने ते काम स्वीकारल्याशिवाय किंवा स्वीकारण्याचा इरादा दाखवल्याशिवाय ते तिला मिळत नाही, असं त्याच १९२५ च्या अधिनियमाचं कलम १४१ सांगतं. म्हणजे अंग काढलंत तर तुमचा स्वतःचा तिसरा हिस्साही अडचणीत. भीती घालण्यासाठी हे लिहीत नाहीये. निर्णय घेताना टेबलावर सगळं असावं, एवढंच.

माझं मत विचाराल तर, करा. तुम्ही शिक्षिका आहात, परीक्षेचे गठ्ठे आणि हजेरीपट सांभाळता. या कामाला हुशारीपेक्षा असलीच शिस्त लागते.

आता यजमानांची सूचना. हेतू चांगला असेल, भावही योग्य देतील, तरी हा रस्ता टाळा. एक्झिक्युटरने मृताची मालमत्ता स्वतः किंवा आडून विकत घेतली तर त्या मालमत्तेत हितसंबंध असलेला कुणीही तो व्यवहार रद्द करून मागू शकतो, हे कलम ३१०. यजमानांच्या नावावर घेतला तरी ‘आडून’ म्हटलं जाणारच. व्यवहार आपोआप रद्द होत नाही, पण दहा वर्षांनी कुणाचं तरी डोकं फिरलं की टांगती तलवार. फ्लॅटमध्ये खरंच मन गुंतलं असेल तर तटस्थ मूल्यांकनकाराचा अहवाल, दोन्ही भावांची लेखी संमती आणि शक्य झाल्यास कोर्टाची परवानगी, इतकं करून मगच. मला विचाराल तर पुण्यात फ्लॅट दुसरेही मिळतात.

पाटल्यांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण भांडण पैशांचं दिसत असलं तरी गाठ इथे आहे. त्या आजीच्या हातातल्या. भावालाही त्या आजीच्या हातावर आठवत असतील, आणि तो म्हणतोय ते सगळं लोभापायीच म्हणतोय असं मी धरून चालणार नाही. पण मावशीने त्या ताईंना दिल्या आणि तसं लिहिलं. एक्झिक्युटरची संमती मिळाली की मृत्युपत्रातल्या देणगीवर लाभार्थ्याचा हक्क पूर्ण होतो. त्यामुळे क्रम असा ठेवा: लॉकर बँकेच्या अधिकाऱ्यासमोर उघडून यादी करा, सराफाकडून वजन आणि शुद्धता लिहून घ्या, फोटो काढा, आणि देणी भागवायला बाकी मालमत्ता पुरते आहे याची खात्री झाली की पाटल्या ताईंच्या हाती द्या व सहीची पावती घ्या. त्यानंतर त्या ताईंच्या. भावाला आजीची आठवण म्हणून त्या हव्या असतील तर त्याने ताईंकडे जावं, त्या दिवशीच्या सोन्याच्या भावाने, मजुरीसकट पैसे देऊ करावेत आणि ताई नको म्हणाल्या तर गप्प परत यावं. मध्यस्थी तुम्ही करू नका. ताईंच्या मनात तुम्ही ‘घरच्या’ आहात, तुमचं सुचवणंही त्यांना हुकूम वाटेल.

‘पन्नास हजार देऊन मोकळं करू’ हा प्रस्ताव तर तुमच्या कानावरही नको. ताईंनी स्वतः सही केली तरी, काय सोडतोय हे त्यांना पूर्ण कळलं होतं का आणि दबाव होता का, हे प्रश्न उद्या कोर्टात येतील आणि उत्तर तुम्हाला द्यावं लागेल. शिवाय एक्झिक्युटरने मालमत्ता भलतीकडे वळवली आणि लाभार्थ्याचं नुकसान झालं तर ते तिच्या स्वतःच्या खिशातून भरून द्यावं लागतं.

पगाराचा मुद्दा वेगळा आहे आणि तो आधी मिटवा. भाऊ म्हणतोय की पाटल्या मिळणारच आहेत, मग पगार कशाला. पगार हे मावशीचं देणं आहे, पाटल्या ही तिची देणगी. मृत्युपत्रात ‘पगाराच्या बदल्यात’ असं लिहिलेलं नसेल तर घेणेकऱ्याला दोन्ही मिळतं. देणी फेडण्याचा क्रमही कायद्याने ठरवलेला आहे: पहिल्यांदा अंत्यसंस्काराचा योग्य खर्च आणि शेवटच्या आजारपणाचा, म्हणजे दवाखाना, औषधं वगैरे, मग प्रोबेटचा आणि मालमत्ता सांभाळण्याचा, मग मृत्यूच्या आधीच्या तीन महिन्यांतला घरकामगार, मजूर, कारागीर यांचा पगार, आणि त्यानंतर बाकीची कर्जं. मृत्युपत्रातल्या देणग्या या सगळ्याच्या नंतर. तुम्ही हॉस्पिटलचं बिल आणि दहावा-तेरावा स्वतःच्या खात्यातून केलात असं लिहिलंय, तो खर्च तुम्हाला मालमत्तेतून परत घेता येतो. पावत्या ठेवा. भटजींना दिलेल्या दक्षिणेची पावती नसते, तिथे तारीख-रक्कम लिहून ठेवा. खर्च मावशीच्या परिस्थितीला शोभेलसा हवा, एवढीच अट. पाचशे पानं उठवली असतील तर त्यातलं थोडं स्वतःच्या नावावर टाका.

ताई फ्लॅटमध्ये राहतायत हे अडचणीचं नाही, उलट सोयीचं आहे. बंद फ्लॅटपेक्षा माणूस असलेला बरा. पण ते तोंडी ठेवू नका. फ्लॅट विकेपर्यंत देखभालीसाठी राहतायत, अमुक पगार, विक्री ठरली की महिनाभराच्या सूचनेवर रिकामा करतील, असं दोन ओळींचं पत्र दोघींच्या सहीने करा. यामुळे उद्या त्यांच्यावर ‘बळकावून बसली’ असा आरोप होणार नाही आणि तुमच्यावर ‘बसवून ठेवली’ असाही नाही.

प्रोबेट घ्यावं का, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण विचारायला हवा होता. प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरं आहे आणि एक्झिक्युटर हीच आहे यावर कोर्टाचा शिक्का. पुण्यात त्याची सक्ती कधीच नव्हती. आपल्या राज्यात सक्ती होती ती मुंबई शहरात, जिथे उच्च न्यायालयाचं मूळ अधिकारक्षेत्र आहे, आणि २०२५ च्या अखेरीस संसदेने ते कलम २१३च वगळलं. तेव्हापासून बऱ्याच जणांना वाटायला लागलंय की आता प्रोबेटची गरजच संपली. सक्ती संपली, उपयोग संपलेला नाही. तुमच्या फ्लॅटचं गिऱ्हाईक गृहकर्ज काढणार असेल तर त्याच्या बँकेचा वकील पहिला प्रश्न हाच विचारेल: नोंदणी नसलेलं विल, प्रोबेट कुठंय? दुसरा मार्ग असा की आई, मामी, दोन्ही भाऊ या सगळ्यांनी नोंदणीकृत विक्रीखतावर संमती देणारे म्हणून सह्या करायच्या. स्वस्त आणि झटपट. सगळे एका मनाचे असले तर मी हाच मार्ग सांगितला असता. पण तुमच्याकडे एका भावाने आत्ताच विल मानायला नकार दिलाय. त्यामुळे पुण्याच्या न्यायालयात प्रोबेटचा अर्ज करा. खर्च मालमत्तेतून जाईल. जवळच्या नातेवाइकांना नोटीस निघते, वर्तमानपत्रात जाहीर सूचना येते. कुणी हरकत घेतली नाही तर काम सरळ होतं. हरकत आली तर त्याचा दावा होतो आणि मग वर्षं लागू शकतात. म्हणून त्या दोन रकान्यांच्या कागदाचा आग्रह धरतेय. दुबईच्या भावाची ना-हरकत तिथल्या भारतीय वाणिज्य दूतावासात सही करून येऊ शकते.

एवढं लक्षात असू द्या की प्रोबेटने मृत्युपत्र खरं ठरतं, मालमत्ता मावशीचीच होती हे ठरत नाही. शेतीच्या बाबतीत तो फरक महत्त्वाचा आहे. सातबाऱ्यावर मावशीचं नाव इतरांबरोबर असेल तर ती तिच्या हिश्श्यापुरतंच देऊ शकली. फेरफारासाठी तलाठ्याकडे अर्ज करताना मृत्युपत्राची प्रत द्या, आणि सातबाऱ्यावर नाव चढलं म्हणजे मालकी सिद्ध झाली असं भावांना सांगू नका. तो महसुली नोंदीचा कागद आहे. सोसायटीच्या कार्यालयातही लेखी अर्ज द्या आणि देखभाल शुल्क थकू देऊ नका.

हेच पत्र मडगाव किंवा म्हापशाहून आलं असतं तर उत्तर बरंच बदललं असतं. गोव्यात वारशाचा कायदा वेगळा आहे. तिथे आईवडील किंवा मुलं असतील तर मृत्युपत्राने साधारण निम्म्याच मालमत्तेची विल्हेवाट लावता येते आणि वाटप ‘इन्व्हेंटरी’च्या कारवाईतून होतं. गोव्यातल्या वाचकांनी माझ्या वरच्या उत्तरावर विसंबू नये.

हिशेबासाठी वेगळी वही आणि वेगळं बँक खातं, दोन्ही आजपासून. मावशीच्या नावाचा एक रुपयाही तुमच्या पगाराच्या खात्यात येऊ देऊ नका, अगदी ‘दोन दिवसांसाठी’ सुद्धा. तिचं गोदरेजचं कपाट उघडाल तेव्हा एकटीने उघडू नका. ताई आणि शेजारचे काका बरोबर असू देत, आणि एकेक कप्पा रिकामा करताना लिहीत जा. पासबुकं, पेन्शनचे कागद, विजेची बिलं, कुठल्या तरी पतपेढीची विसरलेली पावती, औषधांच्या पट्ट्यांखाली दडलेली पाचशेची पुरचुंडी. विशेषतः पतपेढीच्या पावत्या. आपल्याकडच्या मावश्या-आत्यांची निम्मी बचत तिथेच सापडते. प्रोबेट मिळाल्यापासून सहा महिन्यांत मालमत्तेची यादी आणि वर्षभरात हिशेब कोर्टात द्यावा लागतो, त्यामुळे ही वही तेव्हा कामाला येते. देणग्या वाटायला मृत्यूपासून वर्षभर थांबायची मुभा कायदा देतो. भाऊ ‘किती दिवस लावणार’ म्हणाला तर हे सांगा. फ्लॅटच्या विक्रीवर भांडवली नफ्याचा कर लागू शकतो आणि मावशीचं शेवटचं विवरणपत्रही भरायचं असेल, तेव्हा पैसे वाटण्याआधी चार्टर्ड अकाउंटंटला एकदा भेटा. वाटून झाल्यावर कराची नोटीस आली तर सगळे फोन बंद लागतात.

राहिली तुमची आई. ‘अंग काढून घे’ म्हणणारी आई ही या सगळ्यात सर्वात जास्त सोडणारी व्यक्ती आहे, आणि बहुतेक तिला ते ठाऊक नाही. विल नसतं तर निम्मी मालमत्ता तिची होती. विलमध्ये तिच्या नावाने काहीच नाही, तुमच्या नावाने तिसरा हिस्सा आहे. प्रोबेटच्या अर्जात तिची ना-हरकत सगळ्यात वजनदार ठरेल, कारण नुकसान तिचं आहे आणि तरी तिला मान्य आहे. पण म्हणूनच ती सही तुम्ही घरी, जेवण झाल्यावर, ‘इथे कर गं’ म्हणून घेऊ नका. दोन रकान्यांचा तोच कागद तिला दाखवा, निम्मं म्हणजे किती ते रुपयांत सांगा, आणि तुम्ही न नेमलेल्या वकिलाशी तिला एकटीला बोलू द्या. ती हो म्हणाली तर ना-हरकत घेऊन पुढे जा. नाही म्हणाली, तरी प्रोबेटचा अर्ज तुम्हीच करायचाय. फक्त मग तिचंही म्हणणं कोर्टासमोर येईल, आणि ते यावं.